सल्ला हवा: सर्व्हरवरच्या बॅम फायली नेमक्या कुठल्या?

शोधक_२१: मानवी नमुन्यांच्या आरएनए-सीक्वेन्सिंगच्या १२ बॅम फायली (जीनोमवर जुळवलेले रीड्स, म्हणजे वाचलेले तुकडे), काही फास्टक्यू (कच्चे, न जुळवलेले रीड्स) आणि जनुकांच्या मोजणीचा एक एक्सेल तक्ता आहे. नावं 'कंट्रोल१', 'ट्रीटेड३' अशी. टिपणात फक्त एक जीएसई क्रमांक (जीईओ या सार्वजनिक डेटाबेसमधला). फायली त्याच अभ्यासातल्या आहेत का, आणि कोणत्या जीनोम आवृत्तीवर जुळवल्यात, हे कसं पडताळावं?

रीडमापक: फाईलचं नाव हा पुरावा नव्हे, ते कोणीही बदलू शकतं. आधी सॅमटूल्स या प्रोग्रॅमने बॅमच्या सुरुवातीचं हेडर वाचा. एसक्यू ओळीत पहिल्या गुणसूत्राची लांबी २४,९२,५०,६२१ असेल तर मानवी जीनोमची जुनी आवृत्ती जीआरसीएच३७, २४,८९,५६,४२२ असेल तर नंतरची जीआरसीएच३८. ३७ निघालं तर मायटोकाँड्रियाच्या डीएनएची लांबीही बघा: १६,५७१ म्हणजे यूसीएससी या जीनोम संकेतस्थळाची मूळ एचजी१९, १६,५६९ म्हणजे प्रमाण क्रम. लोक दोन्हींना सरसकट 'एचजी१९' म्हणतात आणि तिथली स्थानं सरकतात.

पीजी ओळीत जुळवणीचा प्रोग्रॅम, त्याची आवृत्ती आणि बहुतेकदा अख्खी कमांड मिळते, म्हणजे मूळ फास्टक्यूचं नावसुद्धा. मग चार-पाच रीड्सची नावं वाचा. सुरुवात एसआरआर किंवा ईआरआरने असेल तर तोच सार्वजनिक संग्रहातला रन क्रमांक (सीक्वेन्सिंगच्या एका फेरीचा), शोध संपला.

नोंदवही: जीएसई म्हणजे अख्खा अभ्यास. त्याखाली दर नमुन्याला जीएसएम क्रमांक, त्याला जोडलेला एसआरएक्स (प्रयोगाचा क्रमांक), त्याखाली एक किंवा अनेक एसआरआर. एनसीबीआय या अमेरिकी जैवमाहिती केंद्राच्या रन सिलेक्टर या पानावरून रनचा तक्ता उतरवा आणि १२ फायलींसमोर मांडा. इथे हमखास चूक होते: एकच नमुना सीक्वेन्सरच्या चार लेनवर (मार्गिकांवर) चालवला असेल तर चार एसआरआर दिसू शकतात. ते चार स्वतंत्र नमुने धरले की पी-व्हॅल्यू खोट्या लहान येतात. क्रमांक सुपरसीरीजचा (अनेक जीएसई एकत्र बांधलेल्या नोंदीचा) असेल तर प्रत्येक सबसीरीज उघडून बघा, आत वेगवेगळे प्रयोग असतात.

शोधक_२१: रन क्रमांक सापडले, आभार! पण ईएनए या युरोपीय संग्रहावरच्या आणि इथल्या फास्टक्यूचा एमडी५ (फाईलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) जुळत नाही.

रीडमापक: तेवढ्यावरून फाईल बाद करू नका. फाईल दाबणारा जीझिप प्रोग्रॅम मूळ फाईलचं नाव आणि वेळ आत लिहू शकतो, त्यामुळे तोच मजकूर पुन्हा दाबला तरी एमडी५ बदलतो. शिवाय एनसीबीआयच्या संग्रहातून फायली उतरवणारं एसआरए टूलकिट रीड्सची नावं वेगळी लिहितं. दोन्ही फायली उघडा, दर चार ओळींतली दुसरी, म्हणजे बेसची (ए, सी, जी, टी अक्षरांची) ओळ, तेवढी काढा, सॉर्ट करा आणि मग एमडी५ ताडा.

जनुकमित्र: कागद जुळले तरी नमुना तपासाच. नोंदीत स्त्री असेल तर एक्सआयएसटी या जनुकाचे रीड्स भरपूर आणि वाय गुणसूत्रावरच्या आरपीएस४वाय१ चे जवळपास शून्य हवेत, पुरुषात उलट. कर्करोगाच्या सेल लाइनवर यावर विसंबू नका, तिथे वाय गुणसूत्र अनेकदा गळालेलं असतं. पिकार्ड या साधनसंचातल्या क्रॉसचेकफिंगरप्रिंट्सने रन एकाच दात्याचे आहेत का ते बघा.

तो एक्सेल तक्ता मात्र कृपया वापरू नका. एक्सेल मार्च१ आणि मार्क१ या दोन वेगळ्या जनुकांची १ मार्च ही एकच तारीख करतं, मूळ नाव परत मिळत नाही. २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या एचजीएनसी समितीने मार्च१ चं मार्चएफ१ केलं, पण जुने तक्ते त्याने दुरुस्त होत नाहीत. बॅमवरून फीचरकाउंट्स या प्रोग्रॅमने पुन्हा मोजा, जीटीएफ (जनुकांची स्थानं सांगणारी फाईल) त्याच जीनोम आवृत्तीची घ्या आणि जनुकांच्या ओळखीसाठी नावांऐवजी एन्सेम्बल डेटाबेसचे ईएनएसजी क्रमांक ठेवा.