टायफॉइडची लस : चौदा महिन्यांच्या पोरीला आता द्यावी की थांबावं?

राजेहो, जरा मदत करा. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. यंदा पावसात नळाची पाइपलाइन नालीत फुटली अन् घरोघरी ताप सुरू झाला. पुतण्याला आधी गोळ्या, मग विडाल (टायफॉइडसाठीची रक्ततपासणी) १:१६०, मग सलाईन. टायफॉइडच होता का, देव जाणे; ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून पाहायची तपासणी, कोणी केलंच नाही. आमच्याकडे विडालची चिठ्ठी आली की बाटली लटकलीच समजा.

तालुक्याच्या डॉक्टरांनी सहा वर्षांच्या पोराला लस दिली, पोरीला म्हणे दोन वर्षांनंतर. मेडिकलवाला सांगतो, दुसरी एक आहे, महाग, पण बाळालाही चालते. खरं कोणाचं? आशाताई म्हणते, आमच्याकडे ही लस येत नाही. अन् लस घेतल्यावर विडाल उगाच पॉझिटिव्ह येईल काय?

पांदणवाला : दोघांचंही खरं, लशी वेगळ्या आहेत. जुनीत जंतूच्या अंगावरचं व्हीआय नावाचं साखरेचं कवच असतं, नुसतं. दोन वर्षांखालच्या लेकराचं शरीर त्याला नीट दाद देत नाही. मोठ्यांनाही दर तीन वर्षांनी पुन्हा टोचावी लागते. नवीन, म्हणजे कॉन्ज्युगेट लशीत तेच कवच धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला, म्हणजे निरुपद्रवी केलेल्या विषाच्या प्रथिनाला जोडलेलं. प्रथिन सोबत आलं की रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी कामाला लागतात अन् शरीराला जंतूची आठवण टिकते. हैदराबादच्या भारत बायोटेकची टायपबार-टीसीव्ही यातलीच. नेपाळच्या चाचणीत जवळपास ८२ टक्के संरक्षण मिळालं. जागतिक आरोग्य संघटना २०१८ पासून सहा महिन्यांपुढे एक डोस सांगते. नवी मुंबई महापालिकेनं त्याच वर्षी पोरांना मोहीम काढून दिली. आपण मात्र खिशातून.

विडाल जंतूच्या ओ आणि एच नावाच्या भागांविरुद्धची प्रतिपिंडं मोजते, ही लस व्हीआयची. म्हणून लशीनं विडाल बिघडत नाही. विडाल मुळातच भरवशाची नाही, ते वेगळं.

पाणी उकळणं सोडू नका. पॅराटायफॉइड ए या टायफॉइडसारख्याच तापाच्या जंतूला हे कवचच नसतं, तिथं ही लस चालत नाही.

मूळ धागाकर्ता : आभार भाऊ. पोरीचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळाव्या महिन्यात आहे. दोन्ही एकाच दिवशी चालतील? अन् लस मेडिकलातून मोटारसायकलवर आणायची, तर बर्फात ठेवू?

पांदणवाला : एका दिवशी चालतात, जागा वेगळ्या. पण पाणी असं आहे तर सोळाव्या महिन्याची वाट कशाला? थेट बर्फात नको, गोठली की वाया. २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. त्यापेक्षा पोरीलाच तालुक्याला न्या, तिथं फ्रिजातून काढून टोचतील.