कोकोश्निक की तुख्या? माझ्या नायिकेच्या डोक्यावर नक्की काय हवं?

बोरूबहाद्दर: फँटसी कॉमिकसाठी एक पात्र रेखाटतोय. पिनेर्पी, वय सतरा, व्होल्गाकाठच्या जंगलात झाडांशी बोलणारी. आई रशियन, वडील चुवाश (व्होल्गाकाठचाच, पण वेगळी भाषा असलेला समाज). म्हणून डोक्यावर रशियन कोकोश्निक (कपाळावर उंच उभं राहणारं शिरोभूषण), त्याला तुख्या या चुवाश टोपीवरची चांदीची नाणी, अंगात लाल सराफान (बिनबाह्यांचा लांब रशियन झगा) आणि केस मोकळे. दोघांनी 'भारी' म्हटलं, तिसरा 'खिचडी' म्हणाला. माझं मत: ही फँटसी आहे, इतिहासाचा पेपर नाही. बोला.

सुईदोरा: खिचडीच, आणि तांदूळही कच्चा राहिलाय. कोकोश्निक हे मुळात लग्न झालेल्या बाईचं लेणं. रशियन खेड्यात लग्नानंतर बाईच्या केसांची बटसुद्धा दिसू द्यायची नसे. कुमारिकेला कपाळपट्टी, माथा उघडा, पाठीवर एकच वेणी. चुवाशांत तुख्या ही मुलीची टोपी. शिरस्त्राणासारखी घट्ट बसते, मणी आणि नाण्यांनी मढवलेली. लग्न झालं की ती जाते. मग डोक्याला पांढरा सुर्पान गुंडाळायचा, त्यावर हुश्पू हे नाण्यांचं शिरोभूषण, आणि हुश्पूला मागे पाठीवर लोंबणारं नाण्यांचं शेपूट. म्हणजे तुझी पिनेर्पी एकाच वेळी सवाष्णही आणि कुमारिकाही. मंगळसूत्र घालून कांदेपोह्यांना बसवलंय पोरीला.

निशाचर: असहमत. नियम खुद्द रशियनांनीच कुठे पाळले? १९०३ साली झारच्या हिवाळी राजवाड्यात नृत्यसमारंभ झाला, दरबारी मंडळी सतराव्या शतकातले पोशाख घालून मिरवली. त्या वेषांवरून पुढे पत्त्यांचा कॅटसुद्धा निघाला. त्यांनी केली तर हौस, आणि याने केली तर खिचडी?

वाकडी_रेघ: ते आपल्याच आजोबांचे कपडे घालत होते रे. चुवाशांची गोष्ट वेगळी. अठराव्या शतकात त्यांची घाऊक ख्रिस्ती धर्मांतरं झाली, जुना देव तुरा मागे पडला. त्यांची भाषा तुर्की भाषाकुळाच्या एका शाखेतली शेवटची जिवंत भाषा. २०१० च्या जनगणनेत रशियात चुवाश सुमारे १४.३५ लाख होते, २०२१ मध्ये १०.६७ लाख. चित्रात कोकोश्निक मोठं आणि चुवाश नाणी नुसती झालर, हे बघून मला तरी कसंसंच झालं.

निशाचर: आकडे मान्य. पण मग मिश्र घरातल्या पोरीने करायचं काय, दोन कपाटं ठेवायची? आणि तुख्यावर नाणी कुठली असत? झार पीटरच्या आधीचे रशियन कोपेक, म्हणजे माशाच्या खवल्याएवढी चांदीची नाणी. चुवाश बायकांनी झारचा पैसा टोपीला टाचला. मिसळ त्यांनीच केली, आणि झकास केली.

सुईदोरा: हा मुद्दा मात्र बिनतोड. फक्त त्यांनी नाणी उचलली आणि टोपी आपली ठेवली. बोरूने टोपीच बदलली.

आडगावचा_शहाणा: एक बाळबोध शंका. एवढी नाणी डोक्यावर, चालताना छनछन होणार. ही जंगलात लपणार कशी? (जाता जाता: त्याच व्होल्गावरून त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात निघाला तो थेट आपल्या चौलला उतरला, पुढे जुन्नरात पावसाळा काढला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. धाग्याशी संबंध शून्य, पण सांगितल्याशिवाय राहवेना.)

सुईदोरा: छनछन व्हायलाच हवी. त्या आवाजाने वाईट शक्ती दूर पळतात अशी समजूत होती. हिने लपायचंच कशाला? ती येतेय हे आधी जंगलाला कळू दे.

बोरूबहाद्दर: शहाण्याची शंका आणि सुईदोऱ्याचं उत्तर, दोन्ही चोरतोय. कोकोश्निक आईच्या डोक्यावर गेलं, पिनेर्पीला तुख्या. पहिल्या पानावर पात्र दिसायच्या आधी नुसता नाण्यांचा आवाज. निशाचर, कोपेक जवळून दाखवतो, झारचा भालेवाला घोडेस्वार उलटा टाचलेला. वाकडी_रेघ, सराफानही काढला. पांढरा सदरा, त्यावर लाल भरतकाम. पण केस मोकळेच राहणार, तेवढं ऐकणार नाही.

सुईदोरा: वेणी घाल. झाडीत अडकतील.