मदत हवी आहे: लेक कुणालाही जाऊन बिलगते (विल्यम्स सिंड्रोम आणि कुत्र्यांची जनुकं)

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडा लांब झालाय, सांभाळून घ्या.

माझी लेक सहा वर्षांची आहे. घरी तिला चिऊ म्हणतो. गेल्या महिन्यात तिला विल्यम्स सिंड्रोम असल्याचं निदान झालं. तान्ही असताना दूध ओकायची, रात्र रात्र रडायची, वजन वाढेना. दोन वर्षांची असताना इकोत दिसलं की हृदयातून निघणारी महाधमनी झडपेच्या जरा वर अरुंद आहे. चालायला उशीर, बोलायला उशीर. पण बोलायला लागली ती थांबेचना. प्रत्येक दुखण्याला वेगळे डॉक्टर झाले. सगळे कागद एकत्र मांडून बघितले ते जनुकतज्ज्ञ मॅडमनीच. त्यांनी फिश चाचणी (गुणसूत्राचा एखादा तुकडा जागेवर आहे की नाही हे बघणारी) करायला लावली आणि निदान पक्कं झालं. सातव्या गुणसूत्रांच्या जोडीतल्या एकावरचा छोटा तुकडा गळालेला असतो, त्याबरोबर २५ ते २७ जनुकं जातात, एवढं मला समजलंय. रक्तवाहिन्यांना लवचिक ठेवणाऱ्या इलास्टिन या प्रथिनाचं जनुक त्यातच असतं, म्हणून ती महाधमनी अरुंद.

आता खरी अडचण. मागच्या आठवड्यात सातारा स्टँडवर चिऊ एका अनोळखी बाईंच्या मांडीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही रडलात ना?" त्या खरंच रडून आलेल्या होत्या. त्यांनी तिला घट्ट धरलं. मला भरून आलं. आणि पुढच्या दहा मिनिटांत मी तिकीट काढेपर्यंत ती एका गृहस्थांचं बोट धरून पाण्याच्या टाकीपर्यंत पोचली होती. ते भले होते, "हिची आई कुठंय" म्हणून विचारतच फिरत होते. पण मी त्या रात्री झोपले नाही.

मॅडम म्हणाल्या की याच भागातली जनुकं कुत्र्यांच्या माणसाळू स्वभावाशीही जोडली गेली आहेत. मला ते ऐकून बरं वाटलं, कारण आमचा मोत्या अगदी तसाच आहे, मीटर बघायला आलेल्या माणसापुढेही लोळण घेतो. घरी सांगितलं तर सासूबाई दुखावल्या. "लेकराला कुत्र्याच्या पंक्तीला बसवू नको," म्हणाल्या.

जाणकारांनी सांगावं, हे कुत्र्यांचं कितपत खरं आहे? जनुकं नाहीत म्हणून ती प्रेम करते, तर ते प्रेम तिचं म्हणायचं का? आणि कुणाजवळ जायचं नाही हे तिला शिकवू कसं?

दवबिंदू: ताई, मी जनुकशास्त्रात काम करते. मॅडमनी सांगितलं ते खरं आहे. ब्रिजेट व्हॉनहोल्ट यांच्या गटाने २०१० मध्ये लांडगे आणि कुत्रे यांची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा याच पट्ट्याजवळचं एक जनुक उठून दिसलं. २०१७ मध्ये त्यांनी आणि मोनिक उडेल यांनी १८ कुत्रे आणि माणसांत वाढलेले १० लांडगे घेतले. खाऊ असलेला डबा उघडायला दिला की लांडगे डब्याशीच झटत, कुत्रे माणसाच्या तोंडाकडे बघत बसत. ज्या कुत्र्यांना माणसाचा जास्त लळा, त्यांच्यात जीटीएफ२आय आणि जीटीएफ२आयआरडी१ या जनुकांत बाहेरचे डीएनएचे तुकडे घुसलेले सापडले. म्हणजे चिऊसारखा अख्खा भाग गळालेला नाही, त्याच जागी वेगळ्या तऱ्हेचा बदल आहे. प्राणी थोडे होते, आणि लळा एकट्या जनुकाचा नसतो, हे लक्षात ठेवा.

माणसांतला पुरावा मला जास्त बोलका वाटतो. काही मुलांत हाच तुकडा गळण्याऐवजी दुप्पट होतो. त्यांच्यात बरीच मुलं बुजरी असतात, आई नजरेआड झाली की कासावीस होतात.

चिऊच्या भीतीबद्दल: मेंदूत अमिग्डाला नावाचा भाग धोका ओळखतो. विल्यम्समध्ये तो रागीट चेहऱ्यांना कमी दाद देतो, पण माणसं नसलेल्या भीतीदायक दृश्यांना उलट जास्त देतो, असं २००५ मध्ये मेंदूच्या चित्रणातून दिसलं. ती मिक्सरच्या आवाजाला घाबरते का?

सासूबाईंना एवढं नक्की सांगा की हा तुकडा बहुतेक वेळा बीज तयार होतानाच गळतो. यात तुमचा किंवा घरातल्या कुणाचा दोष नाही. आणि प्रेम तिचंच. माझी मुलगी लाजाळू आहे, तिच्या लाजण्यामागेही जनुकं असणारच. म्हणून ते लाजणं तिचं नाही असं मला कधी वाटलं नाही.

रानजाई: विशेष मुलांना शिकवते. "अनोळखी माणसाशी बोलू नको" हे या मुलांना लागू पडत नाही, कारण त्यांच्या लेखी कुणी अनोळखीच नसतं. जमिनीवर खडूने गोल काढा. आतल्या गोलात मिठीची माणसं, त्यांचे फोटो लावा. पुढच्या गोलात हात मिळवायची, त्याच्या बाहेर फक्त नमस्कार. फोटोत नसेल तर आधी आईला विचारायचं, एवढा एकच नियम. तो गाण्यात बसवा, बहुतेकांना गाण्याची भारी ओढ असते. घरी पाठ झालं तरी स्टँडवर, बाजारात, देवळात पुन्हा पुन्हा करून घ्या. महिने लागतात.

वाटसरू_बाबा: माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, हेच निदान. दोन गोष्टी आजच लिहून ठेवा. ड जीवनसत्त्वाचे थेंब किंवा कॅल्शियमचं टॉनिक डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, या मुलांच्या रक्तात कॅल्शियम वाढू शकतं. आणि दाताचं काम असलं तरी भूल द्यायच्या आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, भूल देणाऱ्यांनाही निदान सांगा.

तिसरी गोष्ट लिहिताना हात जड होतो. माझ्या मुलाला गल्लीतलं प्रत्येक माणूस ओळखतं, पण संध्याकाळी त्याला हाक मारायला कुणी येत नाही. पटकन जवळ जाता येतं, मैत्री टिकवणं जमत नाही. चिऊला आत्तापासून एखादं पोर मिळवून द्या, जे रोज घरी येईल.

(धागाकर्ती): सगळ्यांचे मनापासून आभार. हो दवबिंदू, मिक्सर लावला की कानांवर हात ठेवून मोत्याच्या पोटाशी जाऊन बसते! सासूबाईंना दोष नसल्याचं वाचून दाखवलं, दोनदा वाचायला लावलं. आज अंगणात गोल काढले. आतल्या गोलात त्यांनी स्वतः आपला फोटो ठेवला आणि चिऊने शेजारी मोत्याचा. तो काढायला सांगितलेला नाही.

बाबा, सातारा, कराड, कोल्हापूर भागात अशा मुलांचे आणखी पालक तुमच्या ओळखीचे आहेत का? शनिवार-रविवारी आम्ही कुठेही यायला तयार आहोत.