साठीपुढच्या बायकांच्या स्वयंसेवेला मानधन का नको?

वैजू_घंटाळी

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एका संस्थेचं आवाहन आलं. पालिका शाळेतल्या तिसरी-चौथीच्या मुलांकडून वाचन करून घ्यायला साठीपुढच्या बायका हव्या आहेत. आठवड्यातून चार दिवस, रोज तीन तास, किमान सहा महिने. जायचा-यायचा खर्च जिचा तिनं करायचा. शेवटी प्रमाणपत्र. काम चांगलं आहे, मुलांना गरज आहे, त्याबद्दल वादच नाही. पण आठवड्याला बारा तासांचं, हजेरीपटावर सही करून करायचं काम फुकट मागताना वर "ज्येष्ठ भगिनींकडे वेळच वेळ असतो" असंही लिहिलंय. ते मला लागलं.

कुठे असतो हा वेळ? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं 2019 मध्ये देशभर पाहणी केली होती, लोकांचा दिवस कशात जातो याची. त्यात दिसलं, स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात, पुरुषांची 97. साठीला यातून कुणी निवृत्त होत नाही. उलट नोकरी सुटली की घरातले सगळे गृहीत धरतात, आता ही मोकळी. नातवंडाला शाळेच्या बसवर सोडणं, आजारी नणंदेकडे रात्रीची थांबणं, सोसायटीच्या गणपतीचा प्रसाद. आणि आता संस्थाही रांगेत.

माझं म्हणणं साधं आहे. काम अधूनमधून, सवडीनं करायचं असेल तर ती सेवा. वेळ बांधलेली असेल, जबाबदारी दिलेली असेल तर मानधन द्या. तेही झेपत नसेल तर रिक्षाभाडं आणि अपघात विमा तरी द्या. कुणाला पैसे नको असतील तर ती नको म्हणेल. तिच्या वतीनं आधीच नको म्हणून टाकू नका.

निवृत्त_बाई_कळवा

वैजूताई, मी पूर्ण असहमत.

मी जन्मभर पगार घेऊन शिकवलं. आता जवळच्या वस्तीत संध्याकाळी मुलांना वाचून दाखवते, कुणी एक पैसा देत नाही, आणि शिकवण्यातला आनंद मला खऱ्या अर्थानं आत्ता मिळतोय. निरीक्षण नाही, अहवाल नाही, मुलांचे गुण माझ्या नावावर लागत नाहीत. मानधन आलं की त्यामागून सगळं येईल. किती मुलं वाचायला लागली ते कळवा, फोटो पाठवा, लवकर का गेलात, हिला जास्त आणि मला कमी का. मुलं माझ्याकडे येतात कारण मी कुणाची नोकर म्हणून तिथे बसलेली नाही, हे त्यांनाही कळतं.

केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम (2022 ते 2027) स्वयंसेवकांवरच उभा आहे, शिकवणाऱ्याला मानधन नाही. उद्या प्रत्येकानं आधी पैसे विचारले तर पन्नाशीतल्या निरक्षर बाईला सही करायला कोण शिकवेल? आपल्याच ठाणे जिल्ह्यातली, मुरबाड तालुक्यातली फांगण्याची आजीबाईंची शाळा आठवा. 8 मार्च 2016 ला सुरू झाली. साठ ते नव्वदीच्या आज्या गुलाबी साडी नेसून, दप्तर घेऊन यायला लागल्या. ती गावाच्या उत्साहावर उभी राहिली. उत्साह दरपत्रक लावून येत नाही.

वैजू_घंटाळी

बाई, फांगणे माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. तिथे आज्यांकडून काही मागितलं नाही, त्यांना जे लहानपणी मिळालं नाही ते दिलं. आमच्याकडे आलेल्या आवाहनात "तुम्हाला काय हवंय" ही ओळ कुठे आहे?

लोकमान्यनगरची_लेक

तुम्ही दोघी पेन्शनवाल्या आहात असं धरून लिहिते, राग मानू नका.

माझी आई सदुसष्ट वर्षांची. कालपरवापर्यंत वर्तकनगरमध्ये धुणीभांडी करत होती. घरेलू कामगार मंडळाचा कायदा 2008 चा, पण त्यात नोंदणीचं वय 18 ते 60. साठीनंतरही ती तेवढीच भांडी घासत होती, फक्त कागदावर कामगार राहिली नाही. लाडक्या बहिणीचे 1500 रुपये 65 पर्यंत. ते थांबले तेव्हा म्हटलं श्रावणबाळ योजनेत अर्ज करू, तिथेही 1500 मिळतात. पण लाडक्या बहिणीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख होती आणि श्रावणबाळला वर्षाला 21,000. म्हणजे महिन्याला 1,750. ठाण्यात दोन घरची भांडी करणारी बाईसुद्धा यापेक्षा जास्त मिळवते. चौसष्टाव्या वर्षी जी गरजू होती ती सहासष्टाव्या वर्षी गरजू राहत नाही, असं कसं होतं?

आईच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. एवढी वर्षं साबणाच्या पाण्यात हात, रेषाच झिजल्या. रेशनला गेलं तरी तेच, बँकेत तेच. दरवेळी मला खाडा पडतो.

म्हणून सांगते, मानधन द्यायचं की नाही हा वाद फुकट काम परवडणाऱ्यांचा आहे. आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्या बायकांना तुमचं आवाहन कधी येणारच नाही. त्यांना सोबत हवी आहे. तहसीलला, सेतू केंद्रात, सिव्हिलला केसपेपरच्या रांगेत कुणीतरी शिकलेलं बरोबर उभं हवं. त्या बाईनं फुकट उभं राहावं की पैसे घेऊन, माझ्या आईला फरक पडत नाही. ती यायला हवी, आणि परत दुसऱ्यांदाही यायला हवी.

वैजू_घंटाळी

तुमच्या शेवटच्या वाक्यातच मानधनाचं कारण आहे. दुसऱ्यांदा यायला हवी. एकदा कनवाळूपणानं जाता येतं. तिसऱ्या खेपेला, "साहेब मीटिंगमध्ये आहेत, उद्या या" ऐकल्यावरही जाणारं माणूस हवं असेल तर त्याची व्यवस्था लावावी लागते. आणि मानधन असेल तर तुमच्या चाळीतलीच, चौथी-सातवी शिकलेली बाईसुद्धा हे करू शकेल. मग स्वयंसेवा फक्त नौपाड्यातल्या फ्लॅटवाल्यांची राहणार नाही.

सेक्रेटरी_नेरूळ

मी ज्येष्ठ नागरिक संघाचं काम पाहतो, म्हणून आर्थिक बाजू मांडतो. संघ चालतो सभासदांच्या वर्गणीवर. पालिकेचं विरंगुळा केंद्र मिळालं म्हणून डोक्यावर छप्पर आहे. वर्तमानपत्रं, कॅरम, वाढदिवस, वर्षातून दोन आरोग्य शिबिरं आणि सहल, एवढ्यात पैसे संपतात. मानधन कुठून देणार? मानधनाशिवाय काम नको असा नियम केला तर मोठ्या देणग्या मिळवणाऱ्या दोनचार संस्था टिकतील आणि आमच्यासारखे शेकडो संघ बंद पडतील. त्यात बायकांचंच जास्त नुकसान आहे. आमच्याकडे योगाला येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त महिला आहेत.

आणि नम्रपणे सांगतो, महिलांना कार्यकारिणीत घ्यायचा आम्ही दरवर्षी प्रयत्न करतो. त्याच नको म्हणतात.

सानपाड्याची_मावशी

काका, कार्यकारिणीची सभा किती वाजता असते ते पण लिहा.

संध्याकाळी साडेसहाला! त्या वेळी घरात नातवंडं क्लासवरून येतात, सून अजून लोकलमध्ये असते, कुकर लावायचा असतो. मी दोन वेळा गेले होते (तुमच्या नाही, दुसऱ्या संघात). चहा कुणी करायचा हा प्रश्न आला की सगळ्यांची मान माझ्याकडे. रेल्वेची सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली. 58 वर्षांवरच्या बायकांना तिकिटात 50 टक्के होती, पुरुषांना साठीनंतर 40. त्यावर निवेदन लिहायचं ठरलं, तर मसुदा पुरुषांनी केला आणि त्यात बायकांच्या 58 चा उल्लेखच नव्हता. मी बोलले तेव्हा "बारीकसारीक नंतर बघू" असं उत्तर मिळालं. माझ्यासारखीला माहेरी कोकणात जाताना ते निम्मं तिकीट बारीकसारीक नव्हतं.

सभा सकाळी अकराला घ्या. मग बघा कोण नको म्हणतं.

पाचपाखाडीची_सून

एक बाजू राहून गेली, ती लिहिते. मला वाईट ठरवलं तरी चालेल.

माझ्या सासूबाई दोन वर्षांच्या मुलाला सांभाळतात म्हणून मी ऐरोलीला नोकरीला जाऊ शकते. त्या आठवड्यातून चार दिवस तीन-तीन तास बाहेर गेल्या तर मला पाळणाघर लावावं लागेल, आणि ते पैसे वैजूताईंचं मानधन भरून काढणार नाही. साठीच्या बाईनं समाजासाठी बाहेर पडावं असं सगळे लिहितात, पण आमचं घर त्यांच्यावर चाललंय. बाहेरच्या मुलांना वाचून दाखवायला जाताना घरचं मूल कुणाकडे?

निवृत्त_बाई_कळवा

बाळा, तुझी अडचण खरी आहे, पण हा प्रश्न सासूबाईंना विचारलास का? मी पण नात सांभाळली आहे. तिच्यावर जीव आहेच. तरी संध्याकाळचा तास मला घराबाहेर स्वतःच्या नावानं हाक मारली जाते, "बाई" म्हणून, त्यावर माझा दुसरा दिवस निघतो. त्यांना चार दिवस नको असतील, एक दिवस हवा असेल. एक दिवसाचं पाळणाघर जमतं का बघ.

पाचपाखाडीची_सून

विचारलेलं नाही. त्यांनीही कधी म्हटलं नाही.

विधी_स्वयंसेविका_ठाणे

इथे मानधन म्हणजे काहीतरी भयंकर नवीन, असा सूर दिसतोय. मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची, म्हणजे गरजूंना कायद्याची मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेची विधी स्वयंसेवक आहे, पासष्टीची आहे. नेमून दिलेल्या दिवसाचं आम्हाला मानधन मिळतं. मोठं नाही. पण त्यामुळे माझी आपुलकी कमी झाली नाही आणि कुणी मला नोकरासारखं वागवलंही नाही. निवृत्त शिक्षक आणि ज्येष्ठ नागरिक या कामासाठी पात्र आहेत, कळव्याच्या बाई, तुम्हीसुद्धा.

मला मात्र वैजूताईंशीही भांडायचंय. ठाण्यात वाचन घेणाऱ्या, मेंदी शिकवणाऱ्या, झाडं लावणाऱ्या आज्या खूप सापडतील. दुसऱ्या म्हातारीच्या हक्कासाठी टेबलापलीकडच्या माणसाशी बोलणाऱ्या फार कमी. आधी ते काम वाढवा. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच बायकांची कहाणी एकच: नवरा गेला, खोली मुलाच्या नावावर बक्षीसपत्र करून दिली, आता स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी झोपतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात कलम 23 आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकतं. म्हणून बक्षीसपत्र करतानाच ती अट लिहून घ्यायची, हे आधी सांगणारं कुणी हवं. अर्ज प्रांत कार्यालयात करायचा, तिथे वकील लागत नाही, निर्वाहभत्ता महिन्याला 10,000 पर्यंत मिळू शकतो. आणि कुठल्याही कोर्टात बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, 1987 च्या विधी सेवा कायद्याचं कलम 12. ज्येष्ठांसाठी 14567 आणि विधी सेवेसाठी 15100 हे नंबर मी बायकांना फ्रिजवर चिकटवायला देते, कारण मोबाइल बहुतेकींचा मुलाच्या हातात असतो.

मुलाविरुद्ध अर्ज करायला आई पटकन तयार होत नाही. चारचार वेळा येऊन नुसती बसून जाते. तिला साठीचीच बाई लागते, पंचविशीचा वकील नाही. या कामाला वेळ लागतो, आणि तो घरच्यांना सांगून काढावा लागतो. मानधन असलं की "कामाला जाते" असं म्हणता येतं. पाचपाखाडीच्या सूनबाई, तुमच्या सासूबाईंनाही कदाचित हेच वाक्य हवं असेल.

सेक्रेटरी_नेरूळ

माहिती उपयुक्त आहे. आमच्या संघात यावर बोलायला याल का? सानपाड्याच्या ताई, सभेच्या वेळेचा मुद्दा पुढच्या बैठकीत मांडतो. मानधनाबद्दल माझं मत तेच आहे. तुमचं मानधन सरकारी तिजोरीतून येतं. आमच्याकडे तिजोरीच नाही.

वैजू_घंटाळी

काका, मग मागूया ना ती तिजोरी. पालिका ज्येष्ठांसाठी पैसे ठेवते, त्यातून सोबतीच्या कामाला भाडं आणि मानधन द्या असं निवेदन ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही पालिकांना देता येईल. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण कार्ड काढून देणारं माणूस नसेल तर योजना कागदावरच राहते. मसुदा मी लिहिते. श्रावणबाळच्या 21,000 च्या मर्यादेचं वेगळं निवेदन सरकारकडे, ते लोकमान्यनगरच्या ताईंनी त्यांच्या शब्दांत लिहावं.

लोकमान्यनगरची_लेक

लिहीन. पण निवेदनाला वेळ लागेल आणि आईचा उत्पन्नाचा दाखला या सोमवारी आणायचा आहे. मला सुट्टी मिळत नाही. कुणी बरोबर येईल का?

निवृत्त_बाई_कळवा

मी येते. आधारकार्ड, रेशनकार्ड, वयाचा पुरावा, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा काही कागद आणि बँकेचं पासबुक एका पिशवीत ठेवायला सांगा आईला. दहाला निघू, उशीर झाला की रांग वाढते. ठसे उमटले नाहीत तर डोळ्यांवरून होतं का ते तिथे विचारू. रिक्षाभाडं मी घेणार नाही, हे आत्ताच सांगते.

वैजू_घंटाळी

त्यांच्याकडून घेऊच नका, बाई. पण ते तुमच्या पर्समधून जायला नको, एवढंच मी पहिल्यापासून म्हणतेय. सोमवारची पावती ठेवा, निवेदनाला जोडते.