सरकारमुळे लोकांचा धंद्याकडे बघायचा दृष्टिकोन खरंच बदलतो का?

कुपवाडचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, सीएनसी शॉपवर अनुभव आहे, आता स्वतःचं पावडर कोटिंगचं युनिट टाकायचंय. पण घरी विषय काढला की वडील म्हणतात आधी सरकारी भरतीचे फॉर्म भर. २०१५ ला मुद्रा कर्ज योजना आली, २०१६ ला स्टार्टअप इंडिया, एवढ्या जाहिराती झाल्या तरी लग्नाला मुलगी बघायला गेलं की पहिला प्रश्न तोच, नोकरी सरकारी आहे का? मग सरकारचा लोकांच्या मतावर काही परिणाम होतो की नाही?

रेवा_पुणे:
होतो, पण जाहिरातीने नाही. वडिलांनी लायसन्स राज बघितलंय, तेव्हा मोठ्या कारखान्याला माल जास्त काढायचा तरी परवानगी लागायची, जुलै १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांचं लायसन्सिंग गेलं. धंदा म्हणजे साहेबांच्या पाया पडणं हे तेव्हा मनात बसलं ते असं लगेच निघत नाही. आणि वेतन आयोगाने पगार वाढवणारं पण सरकारच ना, मग लोक तिकडेच बघणार.

सदा_मिरज:
तुमच्या सांगली जिल्ह्यातलीच किर्लोस्करवाडी घ्या. बेळगावात नगरपालिकेने किर्लोस्करांना जागा सोडायला लावली, औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी माळरान दिलं, वर कर्ज दिलं, नि १९१० ला कारखाना उभा राहिला. राजाच पाठीशी आहे म्हटल्यावर तिथे कामाला यायला लोकांना धीर आला असणार असं मला तरी वाटतं. तुम्ही पीएमईजीपी बघा, म्हणजे नवा धंदा टाकायला बँक कर्जासोबत सबसिडी देणारी केंद्राची योजना, जनरलला शहरात १५ टक्के सबसिडी, ग्रामीणला २५, स्वतःचे १० टक्के घालावे लागतात. कुपवाड महापालिकेत येतं म्हणून १५ धरा. सबसिडी लगेच हातात येत नाही, बँकेत तीन वर्षं अडकून असते, हे वडिलांना आधीच सांगा नाहीतर नंतर वाद होतील.

वर्कशॉपवाली_ताई:
सबसिडीपेक्षा पेमेंट महत्त्वाचं हो. माझ्या दिराने एका सरकारी ऑफिसला माल दिला, बिल इतकं लटकलं की घरात धंद्याचं नाव काढायची सोय राहिली नाही. कायद्याने लहान उद्योगाला ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, २०२३ च्या बजेटमध्ये इन्कम टॅक्सचीही अट घातली की मुदतीत पैसे दिले नाहीत तर देईपर्यंत माल घेणाऱ्याला त्या खर्चाची वजावट नाही. तेव्हापासून आमच्या दोन कंपन्या मार्चमध्ये स्वतःहून फोन करून बिलं मागवतात, आणि सासरे आता पाहुण्यांना सांगतात सूनबाईंचं वर्कशॉप आहे म्हणून. तुम्ही उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा नंबर प्रत्येक बिलावर छापा.