शब्दचर्चा: वासला, वाकस की तासणी?

पोथीवाली
इजिप्तवरच्या एका लेखाचं मराठी करतेय. तुतनखामूनचं थडगं १९२२ मध्ये सापडलं. त्याच्या उत्तरेकडच्या भिंतीवर नवा राजा आय बिबट्याचं कातडं पांघरून ममीसमोर उभा आहे आणि ममीच्या तोंडापाशी त्यानं एक हत्यार धरलंय. मेलेल्याला पुन्हा बोलता-खाता यावं म्हणून तोंड उघडण्याचा तो विधी. इंग्रजीत त्या हत्याराला 'ॲड्झ' म्हणतात. कोशात 'वाकस' मिळालं, पण आमच्या हिंगणघाटाकडच्या घरात तो शब्द कुणी ऐकलेला नाही. एका अनुवादात सरळ 'कुऱ्हाड' ठोकून दिलंय. काय लिहावं?

वाढ्याचा पोर
ताई, आपल्याकडं वाकस नाई, वासला. कुऱ्हाड तर अजिबात लिहू नका. कुऱ्हाडीचं पातं दांड्याच्या सरळ रेषेत असते, वासल्याचं आडवं. कुदळीसारखं म्हना, पन हे चापट अन् धारदार. कुऱ्हाड तोडते, वासला तासते. धार एकाच अंगानं काढतेत, दांड्याकडल्या. तिकडून नाई काढली तं वासला लाकडात घुसूनच बसते. मागच्या बोथट अंगानं आमचा बाबा पाचर ठोके, वायला हातोडा लागेच नाई. जमिनीवर बसाचं, लाकूड पायानं दाबून धराचं अन् सपसप ढलप्या काढाच्या. पायाच्या बोटाजवयून वासला जाये पन नख नाई लागे. बंडीचे आरे, जू, वखराचा दांडा, तिफन, सगळ्याले पयला हात वासल्याचा. रंधा मंग. आता फर्निचरवाल्याच्या दुकानात पोरायले वासला दाखवला तं इचारतेत, हे कायचं हत्यार व्हय?

कोशकीडा
दोन्ही शब्द बरोबर, प्रांत वेगळे. मोल्सवर्थनं त्याच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात 'वांकस' दिलाय, पश्चिमेकडचे सुतार तोच वापरतात आणि छापील मराठीतही तोच रुळलाय. 'तासणी' मी टाळेन. तासणारी कुठलीही वस्तू तासणी होऊ शकते, शिवाय तासण्याच्या क्रियेलाही तेच नाव.

खरी गंमत 'वासला'ची आहे. गावठी समजून त्याला बाजूला सारतात, पण घराणं त्याचंच जुनं. संस्कृतात 'वाशी' किंवा 'वासी', हिंदीत 'बसूला', आपल्याकडे 'वासला'. ऋग्वेदात (८.२९.३) एक देव हातात धातूची वाशी घेऊन येतो. नाव दिलेलं नाही, कोड्यासारखं सूक्त आहे, पण तो त्वष्टा, देवांचा कारागीर, असंच मानतात. कुणी तिथं 'परशू' असा अर्थ करतात. वेदापुरतं ते चालवून घेऊ, पण महाभारतात शंकेला जागा नाही. आदिपर्वात पंडू वनात जाताना म्हणतो, 'वास्यैकं तक्षतो बाहुं चन्दनेनैकमुक्षतः', म्हणजे एकानं माझा एक हात वासीनं तासला आणि दुसऱ्यानं दुसऱ्या हाताला चंदन लावलं, तरी दोघांचं मी बरं-वाईट चिंतणार नाही. इथलं 'तक्ष्' म्हणजेच आपलं 'तासणे'. सुताराला संस्कृतात 'तक्षन्' म्हणतात तेही त्यावरूनच. जैन ग्रंथांतही वासी-चंदनाची ही जोडी समत्वासाठी येते.

धम्मवाचक
पालीतही 'वासि'च. संयुत्तनिकाय या पाली ग्रंथात वासिजट सुत्त आहे. सुताराला वासीच्या दांड्यावर आपल्या बोटांचे, अंगठ्याचे ठसे उमटलेले दिसतात. आज किती झिजलं, काल किती झिजलं हे त्याला सांगता येत नाही, पण झिजलं की झिजलं हे कळतं. साधना करणाऱ्याचे आस्रव, म्हणजे मनातले मळ, तसेच क्षीण होतात, असं बुद्ध सांगतात. हे सुत्त ज्यानं रचलं त्यानं वापरलेला वासला हातात घेऊन पाहिला असणार, अशी माझी खात्री आहे.

एक अडचण मात्र आहे. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत, म्हणजे त्यानं जवळ बाळगायच्या आठ वस्तूंतही, 'वासि' येते आणि तिथं आपण 'वस्तरा' म्हणतो. तो अर्थ परंपरेनं आलेला आहे, तिथं वासला घुसवू नका.

वाढ्याचा पोर
दांड्यावर ठसे! बाबाचा वासला घरी हाय, धावड्याचा दांडा. अंगठ्याच्या जागी खड्डा पडला हाय.

वैनगंगेकाठचा
आमच्याकडे ढिवरांचे डोंगे एकाच खोडाचे, आतून कोरलेले. खोडाचं पोट कोरायला कुऱ्हाड कामाची नाही, आडवं पातंच लागतं. जगभर हेच दिसतं. न्यूझीलंडच्या माओरींचं 'तोकी' हे होड्या कोरण्याचं हत्यार, आणि हिरव्या पौनामू दगडाचं तोकी तर सरदाराच्या हातातलं मानचिन्ह. हवाई बेटावर मौना केआच्या माथ्याकडे, साडेतीन हजार मीटरच्या आसपास, अशा पात्यांसाठी दगड काढायच्या खाणी आहेत. जर्मनीत सात हजार वर्षांपूर्वीच्या विहिरी सापडल्यात, आतून ओकच्या फळ्यांनी बांधलेल्या. त्या फळ्या दगडी पात्यांनी तासलेल्या. लोखंडाचा तेव्हा पत्ता नव्हता.

म्हणून एक विनंती. आपल्याकडच्या पुस्तकांत घासलेलं प्रत्येक दगडी पातं 'कुऱ्हाड' होऊन बसतं. दांडा कुजून गेलेला असतो, मग ओळखायचं कसं? धार बाजूनं पाहायची. दोन्हीकडून सारखी उतरती असेल तर बहुधा कुऱ्हाड, एकीकडून सपाट आणि दुसरीकडून फुगीर असेल तर बहुधा वासला.

पोथीवाली
सगळ्यांचे आभार. पण इजिप्तच्या हत्याराला दांडा घालायचं भोक नसतं, वाकड्या लाकडाला पातं चामड्याच्या वादीनं बांधलेलं असतं. तरी वासलाच म्हणू?

कोशकीडा
म्हणा. दांडा कसा बसवला यावरून नाव ठरत नाही, पातं कुठल्या दिशेला आहे यावरून ठरतं. पहिल्या उल्लेखात 'वासला (वाकस)' असं लिहा म्हणजे पुण्याकडचेही अडणार नाहीत.

धम्मवाचक
एक शंका. तोंड उघडण्याच्या विधीचं हत्यार 'वासला', आणि मराठीत 'तोंड वासणे' आहेच. काही नातं?

कोशकीडा
नाही. नुसतं उच्चारसाम्य, त्यावर व्युत्पत्तीचे इमले नकोत! वाक्यरचना मात्र सांभाळा. 'आयने तोंडाला वासला लावला' हे वाचून आमच्या कोल्हापूरच्या मावशीला वाटेल की कुणाच्या तरी आईनं काहीतरी भयंकर केलंय. 'राजा आय याने' असं लिहा.

वाढ्याचा पोर
आमच्याकडं माय म्हनतेत, आय नाई. वऱ्हाडात तुमचं वाक्य जसंच्या तसं चालते ताई.