रस्त्यावरच्या मुलांचा सिनेमा सुचवा (वस्तीतली अभ्यासिका, बजेट दीड हजार)

पर्वती_पायथा
नमस्कार मंडळी. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत आठवी ते दहावीची पंचवीसेक पोरं येतात. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना एक सिनेमा दाखवायचाय. रस्त्यावर वाढलेली मुलं, त्यांना जीव लावणारं कुणीतरी आणि शेवटी पोरं वर आलेली दिसावीत, एवढी अपेक्षा. रडू आलं तरी चालेल, पण तोंड पाडून घरी जायला नकोत. सबटायटल नकोत, निम्म्यांचं वाचून होईस्तोवर पुढचं वाक्य आलेलं असतं. सगळा खर्च दीड हजारात, वडापाव धरून. 'स्लमडॉग मिलियनेअर' डोक्यात आहे, हिंदीतही आहे. दाखवू का?

कोथरूडकर_काका
आधी प्रोजेक्टर चांगला घ्या. मी पस्तीस हजारांचा घेतला, भिंतीवर थेटरासारखं दिसतं. भाड्याचे डबडे असतात. आमच्या सोसायटीत भाड्याने आणला होता तर मध्यंतरापर्यंत सगळ्या नट्या हिरव्या दिसत होत्या आणि तो माणूस म्हणे, वायर तुमची खराब आहे.

पर्वती_पायथा
काका, बजेट दीड हजार आहे.

कोथरूडकर_काका
अहो, हप्त्यावर मिळतो.

अनघा_वाचते
स्लमडॉग नको. भीक जास्त मिळावी म्हणून त्या पोराचे डोळे घालवतात तो प्रसंग आठवतोय ना? मी मोठी असून मान फिरवली होती. शिवाय त्यातल्या नायिकेला, लतिकाला, कुठे नेऊन ठेवतात ते आठवीच्या पोरांना कसं समजावणार? आणि नायक जमाल वर येतो तो प्रश्नमंजुषेच्या जोरावर. आपल्या पोरांना काय सांगायचं, अर्ज भरा आणि नशिबाची वाट बघा?

निव्वळ_पुणेकर
आठ ऑस्कर मिळालेला सिनेमा आहे, उगाच नावं ठेवू नका. त्यातलं ध्वनिमिश्रणाचं ऑस्कर रसूल पूकुट्टींचं, म्हणजे आपल्या पुण्यातल्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्याचं. तिच्यासमोरच्या लॉ कॉलेज रोडवरून रोज जाणाऱ्यांनाही हे ठाऊक नसतं.

मिसळ_आणि_मी
मूळ कादंबरी वाचा. विकास स्वरूप यांची. तिथे नायकाचं नाव राम मोहम्मद थॉमस आहे, जमाल मलिक नाही. सिनेमात सगळी गंमतच घालवली.

निव्वळ_पुणेकर
प्रश्न सिनेमाचा आहे. कादंबरी पंचवीस पोरांना पडद्यावर कशी दाखवणार?

तळजाई_फिरस्ता
'झुंड' दाखवा, डोळे झाकून. नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं, फुटबॉल, अमिताभ. अशा पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे यांच्या कामावर आधारलेला आहे, म्हणजे वर येणं नुसतं पटकथेतलं नाही. पासपोर्टसाठी त्या पोरांची जी वणवण होते ना, ती तुमच्या पोरांना आपलीच वाटेल. फक्त लांबी तीन तासांच्या आसपास आहे.

अनघा_वाचते
'झुंड'वाल्या नागराज मंजुळेंचाच हवा तर 'फॅन्ड्री' बघा. जब्या आणि शालू. त्याहून खरं कोवळं प्रेम मराठीत मी पाहिलेलं नाही.

तळजाई_फिरस्ता
शालूला पत्ताही नसतो हो त्या प्रेमाचा. आणि शेवटी जब्याने चिडून भिरकावलेला तो दगड. त्यांनी स्पष्ट लिहिलंय, तोंड पाडून जायला नकोत.

कॅम्पातला_जुना
'सलाम बॉम्बे'. १९८८. मीरा नायर यांनी खऱ्या रस्त्यावरच्या मुलांना शिकवून कामं करून घेतली आणि पुढे त्यातूनच मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला. पाचशे रुपये जमवून घरी जायचं एवढंच त्यातल्या चायपाव नावाच्या पोराचं स्वप्न. तेही होत नाही, तरी बघाच.

अनघा_वाचते
अहो पण त्यात गर्द आहे, कोठा आहे. स्लमडॉगबद्दल मी वर तेच तर म्हटलं.

फाइलवाला
कुणीच विचारलं नाही म्हणून सांगतो. घरी चौघांनी बघणं वेगळं आणि हॉलमध्ये पंचवीस जणांना दाखवणं वेगळं. ओटीटीचं खातं घरगुती वापरापुरतं असतं. नवा सिनेमा दाखवायचा तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते. आधी पत्र टाका, सामाजिक कामाला काही जण सवलत देतात. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाचं वर्ष संपल्यापासून ६० वर्षं चालतो. त्यामुळे 'बूट पॉलिश' (१९५४) २०१४ अखेर मोकळा झाला. विषय नेमका तुमचाच. भोला आणि बेलू ही अनाथ भावंडं, काकू भीक मागायला लावते, हातभट्टी विकणारा जॉनचाचा मात्र म्हणतो, कष्ट करून खा. पैसे साठवून ब्रश-पॉलिश घेतात आणि धंद्याचा जम जरा बसतोय तोच पावसाळा येतो. चिखलात कोण बूट चमकवून घेणार? बेलू झालेल्या नाझचं कान चित्रपट महोत्सवात खास कौतुक झालं होतं.

मिसळ_आणि_मी
ब्लॅक अँड व्हाइट? आजची पोरं? दहा मिनिटांत खिडकीतून पळतील.

कोथरूडकर_काका
साध्या प्रोजेक्टरवर ब्लॅक अँड व्हाइट तर अजिबात उठत नाही. म्हणून म्हणतोय...

तळजाई_फिरस्ता
झुंडच. मध्ये वडापावची सुट्टी द्या.

निव्वळ_पुणेकर
बूट पॉलिश फार रडका आहे. मला विचाराल तर स्लमडॉगच, तो प्रसंग आला की पळवून पुढे न्या.

पर्वती_पायथा
सगळ्यांचे आभार. बूट पॉलिश ठरवला. काल त्यातलं 'नन्हे मुन्ने बच्चे तेरी मुठ्ठी में क्या है' हे गाणं पोरांना मोबाइलवर दाखवलं. एकजण म्हणाला, "दादा, रंग कुठंय?" बाकीच्यांनी त्याला गप्प केलं आणि गाणं पुन्हा लावायला लावलं. दोघीतिघी स्टेशनाबाहेर गजरे विकतात. "पाऊस आला की आमचंपण असंच" हे त्यांनीच सांगितलं, कारण फाइलवाल्यांचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवला होता. अडीच तासांचा आहे, दोन संध्याकाळी निम्मा निम्मा दाखवू. प्रोजेक्टर आणि पडदा शेजारचं गणपती मंडळ फुकट देतंय, म्हणजे दीड हजार वडापावलाच. झुंडसाठी परवानगीचं पत्र टाकतोय, मे महिन्यात बघू.

तळजाई_फिरस्ता
मग आम्हाला विचारलंत कशाला?

कोथरूडकर_काका
मंडळाचा प्रोजेक्टर कुठल्या कंपनीचा आहे?